मावशीचे तीन ब्लॉक

मी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला टेक्निशियन आहे, म्हणजे ऑपरेशन किंवा बायोप्सीतून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि स्लाइड डॉक्टरांसमोर ठेवायची हे माझं काम. चौदा वर्षं हेच करतेय. तरी घरातल्या माणसाचा ब्लॉक हातात आला तेव्हा हात थरथरलाच. ही केस माझ्या मावशीची. ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, आजाराचे नाही.

मावशी मूळची मुरबाडकडची, लग्नानंतर ठाण्यात, कळव्याला. वय ६१, आयुष्यात विडी-सिगारेट नाही, तंबाखूची मिश्रीसुद्धा नाही. २०२१ च्या दिवाळीत खोकला सुरू झाला. कोविड होऊन गेलेला, त्यामुळे सगळे म्हणाले त्याचाच राहिलाय. डिसेंबरमध्ये एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला डाग आणि थोडं पाणी, आणि जवळच्या डॉक्टरांनी थुंकीत काही न सापडताही टीबीचा कोर्स चालू करून दिला. आपल्याकडे टीबी इतका आहे की त्यांना पूर्ण दोष देता येत नाही, पण तीन महिने गोळ्या खाऊन वजन उतरतंय, खोकला वाढतोय आणि तरी "कोर्स पूर्ण करा" हेच चाललं होतं हे मात्र मला अजून खुपतं. मी स्वतः या लाइनमध्ये असून तीन महिने गप्प बसले, हे त्याहून जास्त खुपतं.

मार्च २०२२ मध्ये सीटी आणि मग सुई घालून बायोप्सी. त्या बायोप्सीचा तुकडा बघितलाय का कोणी? शेवईचा अर्धा इंच तुकडा तुटून पडावा तेवढाच असतो. काडेपेटीहून लहान प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये मेणात बसवलेला, कडेला नंबर. झाला आपला ब्लॉक. तेवढ्या शेवईवर माणसाचं पुढचं सगळं ठरतं. रिपोर्ट आला अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार, फुफ्फुसाचा. पाण्यातही पेशी सापडल्या म्हणजे चौथी स्टेज. डोक्याचा एमआरआय क्लिअर होता. आणि जीन टेस्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्सॉन १९ डिलिशन, म्हणजे त्या जीनचा एक छोटा तुकडा गळालेला.

दादाला (मावशीचा मुलगा, महापेला आयटीत आहे) "चौथी स्टेज" एवढंच ऐकू आलं. पण त्या परिस्थितीत ती जीन टेस्ट पॉझिटिव्ह येणं ही चांगली बातमी होती. ईजीएफआर हा पेशीच्या अंगावरचा एक स्विच, "वाढा" असा निरोप आत पाठवणारा. या बदलामुळे तो कायमचा ऑन अडकतो आणि पूर्ण गाठ त्याच एका करंटवर जगत असते. मग स्विच बंद करणारी गोळी दिली की गाठ कोसळते. हा धागा जगाला सापडला २००४ मध्ये, अमेरिकेतल्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की गेफिटिनिब नावाची अशी गोळी ज्यांना लागू पडते त्यांच्या गाठीत हा बदल असतो. भारतात अशा प्रकारच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात तो सापडतो, आणि सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत जास्त.

गेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, रोज एक. एप्रिलमध्ये चालू केली. ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की सोबत केमो दिली तर गोळीचा असर जास्त टिकतो. परळच्या टाटामध्येच ३५० पेशंटवर याची ट्रायल झालेली, २०२० मध्ये छापून आली, नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने थोपला आणि गोळी अधिक केमोवर १६ महिने. डबल. पण गंभीर साइड इफेक्टही जास्त, आणि मावशीचं वजन तेव्हा ३९ किलो. घरात "केमो" शब्द निघाला की मामीच्या डोळ्यात पाणी. आम्ही नुसती गोळी घेतली. आज तेच ठरवायचं असतं तर? खरं सांगायचं तर ३९ किलोच्या बाईला बघून मी आजही पटकन हो म्हटलं नसतं, पण दोन महिन्यांनी ती ४५ वर आली तेव्हा तो विषय परत काढायला हवा होता आणि तो आमच्यापैकी कोणीच काढला नाही.

कारण दोन आठवड्यांत खोकला गेला होता. खरंच. तोंडावर पिंपल्ससारखं पुरळ आलं, नखांच्या कडा सुजल्या, मॅडम म्हणाल्या औषध अंगाला लागतंय. जुलैच्या सीटीत गाठ निम्म्याहून कमी. मावशी सकाळी भाजी आणायला एकटी जायला लागली. गणपतीत तिने उकडीचे मोदक केले, एकवीस, मोजून.

आता मुद्द्यावर येते. गाठ निम्म्याहून कमी झाली म्हणजे उरलेली आहे. एक सेंटीमीटरच्या गाठीत शंभर कोटींच्या आसपास पेशी धरतात. एवढ्या पेशी विभागत असताना प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका. बहुतेक चुका बिनकामाच्या. पण शंभर कोटींत एखादी पेशी अशी निघतेच जिला ही गोळी लागूच पडत नाही, आणि ती गोळी चालू व्हायच्या आधीपासूनच तिथे बसलेली असू शकते. दुसराही एक रस्ता आहे. काही पेशी मरतही नाहीत आणि वाढतही नाहीत, नुसत्या दबा धरून बसतात. २०१० मध्ये लॅबमधल्या पेशींवर हे दाखवलं गेलं, औषध काढलं की त्या परत पहिल्यासारख्या होतात म्हणजे हा काही कायमचा बदल नव्हे, नुसतं तग धरणं. पण तग धरून ठेवलेल्या वेळात त्यांच्यात खरे बदल साचायला संधी मिळते. म्हणून "औषधाची सवय झाली" असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. सवय कोणाला झाली? ज्यांना औषध लागू पडत होतं त्या पेशी तर मेल्या. आता स्कॅनमध्ये जे दिसतंय ते दुसऱ्यांचं घर आहे.

फेब्रुवारी २०२३. दहा महिने झाले होते. पाणी परत भरलं, जिना चढताना दम.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला, "मावशी, गोळीसोबत दुसरं काय घेता?" मावशीने पिशवी उपडी केली. बीपीची गोळी, कॅल्शियम, कोणीतरी गावाहून पाठवलेला काढा, आणि रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल. केमिस्टने दिलेली, चार महिने चालू. गेफिटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं, आम्ल पार कमी करून टाकलं तर रक्तात पोचणारं औषध जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं. म्हणजे कॅन्सर हट्टी झालाय का औषधच पोचत नाहीये, हे आधी बघायला पाहिजे. मॅडमनी पँटोप्राझोल आणि काढा दोन्ही बंद केलं, तीन आठवड्यांनी परत बघितलं. पाणी वाढलेलंच. म्हणजे खरा रेझिस्टन्स.

आता परत टेस्ट. दादा म्हणाला, "रिपोर्ट आहे ना आधीचा, परत कशाला टोचायचं तिला?" हा प्रश्न मी काउंटरवर आठवड्यातून दोनदा ऐकते. मी मावशीच्या पलंगावर बसून पेशी, म्युटेशन असं काहीबाही समजवायला लागले, तर तिने मला मधेच थांबवलं.

"अगं, बेणणीला बसायचो ना आम्ही भातात, तेव्हा जे गवत गवतासारखं दिसायचं ते सगळं उपटायचो. पण एक गवत असतं, हुबेहूब भातासारखं. ते राहायचं. त्याचंच बी पडायचं. दोन-तीन सालांनी शेतात सगळं तेच. मग आई म्हणायची, आता डोळ्यांनी नाही, बोटांनी बघा, पानाचा बुडखा चाचपा."

मी गप्प. दादा पण गप्प. यापेक्षा नीट मी आजपर्यंत कोणाला समजावून सांगू शकलेले नाही.

आधी रक्तातली टेस्ट केली, लिक्विड बायोप्सी म्हणतात ती, गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे शोधतात. निगेटिव्ह. इथे बरेच जण थांबतात आणि इथेच थांबायचं नसतं, कारण दहातल्या तीनेक पेशंटमध्ये गाठीत बदल असूनही रक्तात सापडत नाही. पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आली तर तुकडा बघा. मावशीच्या छातीतलं पाणी काढायचंच होतं, तेच पाऊण लिटर आमच्याकडे आणलं. दादाने ट्रान्स-हार्बरने मांडीवर ठेवून आणलं, ठाण्याहून, कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत. त्यातल्या पेशी फिरवून खाली बसवल्या आणि त्या चिखलाचा ब्लॉक केला. ब्लॉक नंबर दोन. टी७९०एम पॉझिटिव्ह.

हा टी७९०एम म्हणजे ईजीएफआरच्या साखळीत ७९० व्या जागेवरचा एक मणी बदललेला. गेफिटिनिब जिथे बसतं त्याच खोबणीत पेशीचं स्वतःचं इंधनही, म्हणजे एटीपी, बसत असतं, दोघांत जागेची मारामारी. आपल्या लोकलसारखंच की, विंडो सीट एक आणि गर्दी ढीगभर. बदल झाल्यावर ती सीट एटीपीला इतकी घट्ट धरायला लागते की गेफिटिनिबला टेकायलाही जागा नाही. पहिल्या पिढीच्या या गोळ्या फेल जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांमध्ये हेच कारण निघतं. त्यावर ओसिमर्टिनिब. ते रुमाल टाकून जागा धरत नाही, सीटला नटबोल्टने स्वतःला पक्कं करून घेतं, ७९७ व्या जागेच्या मण्याला रासायनिक बंधाने चिकटतं. अमेरिकेत नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजूर झालं. २०१७ च्या ट्रायलमध्ये टी७९०एम असलेल्यांत केमोवर ४.४ महिने, यावर १०.१ महिने. आणि डोक्यात पण पोचतं.

खर्च महिन्याला लाखांत. दादाचा विमा पाच लाखांचा, त्यातले अर्धे आधीच गेलेले. औषध कंपनीच्या मदत योजनेत नाव लागलं म्हणून जमलं, नाहीतर हे सगळं ज्ञान घेऊन मी काय करणार होते माहीत नाही. (जुलै २०२४ च्या बजेटमध्ये या औषधावरची कस्टम ड्युटी काढली, तोपर्यंत आमचे याचे दिवस भरत आले होते. आमचं टायमिंग असंच.)

एप्रिल २०२३ पासून सोळा महिने. पुरळ गेलं, वजन ५१. त्या सोळा महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, आणि तेच बरं. नातीला शाळेत सोडणं, टीव्ही, मुरबाडला दोन चकरा.

ऑगस्ट २०२४ च्या सीटीत फुफ्फुस शांत होतं पण लिव्हरमध्ये तीन सेंटीमीटरचा नवा डाग. बाकी कुठे काही नाही. आता मत-मतांतरं सुरू. दादाने दोन ठिकाणी ओपिनियन घेतलं, एका ठिकाणी सांगितलं की परत बायोप्सीची गरज नाही, गोळी चालू ठेवून नेहमीची केमो जोडा. दुसऱ्या कोणीतरी रक्ताची मोठी पॅनेल सुचवली, शेकडो जीन्सची, त्यातून नेमकं कळेल म्हणून. दादाला ती पॅनेल पटली. मोठी टेस्ट, मोठी रक्कम, म्हणजे मोठं उत्तर असं आपल्याला वाटतंच. मॅडम एकट्याच म्हणत होत्या की लिव्हरचा तुकडा घ्या.

तेवढ्यात गणपती आले, ७ सप्टेंबरला. गौरींच्या दिवशी मावशी वेड्यासारखं बोलायला लागली. मला तिने माझ्या आईच्या नावाने हाक मारली, मग नैवेद्याच्या ताटात पाणी ओतलं. सगळ्यांना वाटलं डोक्यात गेलं. अ‍ॅडमिट केलं, एमआरआय केला, तो साफ. सोडियम ११८! नॉर्मल १३५ ते १४५. रेसिडेंट डॉक्टर म्हणाले बीपीची गोळी आणि उपासामुळे. मॅडम रात्री राउंडला आल्या, आकडा बघितला आणि मलाच विचारलं, "तुमच्याकडे लिव्हरच्या कोअरची स्लाइड उद्यापर्यंत निघेल का?" तेव्हा मला कळलं नाही. नंतर कळलं. एक प्रकारचा कॅन्सर असा असतो की त्याच्या पेशी स्वतःच शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन सोडतात आणि सोडियम असं पातळ होऊन जातं. मावशीला झालेला कॅन्सर तो नव्हता. निदान २०२२ मध्ये तरी नव्हता.

सोडियम हळूहळू वर आणलं (भराभर आणलं तर मेंदूलाच इजा होते), बायोप्सी झाली, ब्लॉक नंबर तीन मी स्वतः कापला. स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि पहिल्यांदा वाटलं नंबरच चुकला, दुसऱ्या कोणाचा तुकडा आला. पहिल्या ब्लॉकमध्ये मोठ्या, फिक्या, गोल गोल नळ्या करून बसलेल्या पेशी होत्या. इथे काळ्या मोहरीचा डबा सांडल्यासारखं. बारीक, गडद, एकमेकींना चेपून बसलेल्या, कडेला शाई फासल्यासारख्या फिस्कटलेल्या. मी नंबर तीनदा ताडून बघितला. पॅथॉलॉजिस्ट सरांनी बघितलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "स्मॉल सेल. ईजीएफआर परत लाव यावर." स्मॉल सेल म्हणजे तोच सोडियम पातळ करणारा कॅन्सर. टेस्ट लावली. एक्सॉन १९ डिलिशन तसंच्या तसं. टी७९०एम गायब.

म्हणजे आजार तोच, कुळी तीच, रूप पालटलेलं. या गोळ्यांवर असलेल्या पेशंटमध्ये शेकड्यात तीन ते दहाच्या दरम्यान हे होतं. पेशी आपली जातच बदलते आणि ईजीएफआरच्या करंटशिवाय जगायला लागते. ज्या घराने मीटरच काढून टाकला तिथली लाइन कापून काय होणार? कुठलीही नवीन, महागडी, चौथ्या पिढीची गोळी इथे उपयोगाची नव्हती. आणि नेहमीची जी केमो जोडा म्हणाले होते, ती अ‍ॅडिनोकार्सिनोमाची केमो, याची नव्हे.

दादाची मोठी रक्तपॅनेल बारा दिवसांनी आली. आरबी१ आणि टीपी५३ ही दोन्ही जीन्स बिघडलेली. हा इशारा बरोबर होता, हे दोन ब्रेक निकामी असले तर असं रूपांतर व्हायची शक्यता बरीच वाढते. पण पेशी दिसते कशी हे रक्तातला डीएनए सांगत नाही. ते साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडने सांगितलं, जिचा खर्च त्या पॅनेलसमोर चिल्लर आहे. आणि "टेलर्ड ट्रीटमेंट" म्हणून शेवटी काय निघालं? प्लॅटिनम आणि इटोपोसाइड, स्मॉल सेलला ऐंशीच्या दशकापासून देतात तीच जोडी. आमच्या संपूर्ण प्रवासातलं सगळ्यात स्वस्त औषध. शिंप्याने माप नीट घेतलं तर कापड मांजरपाटाचं असलं तरी अंगाला बसतं.

ओसिमर्टिनिब चालूच ठेवलं, कारण फुफ्फुसात जुन्या रूपाच्या पेशी अजून त्याच्या धाकात होत्या. एकाच बाईच्या अंगात दोन वेगळे कॅन्सर म्हणा ना, दोघांना दोन औषधं. कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडच्या सहा सायकल, दर २१ दिवसांनी, जानेवारी २०२५ पर्यंत. दुसऱ्या सायकलनंतर सोडियम १३६. लिव्हरचा डाग एक सेंटीमीटरच्या आत. केस गेले तेव्हा मावशीने नातीची गुलाबी कानटोपी घातली आणि ती शेवटपर्यंत तीच घालत राहिली.

एप्रिलमध्ये लिव्हर परत, या वेळी एक नाही, अनेक डाग. दुसऱ्या फळीची केमो एक सायकल झाली, पेलली नाही. जून २०२५ मध्ये मावशी घरीच गेली, कळव्याला. पहिल्या ब्लॉकपासून ३८-३९ महिने.

लोक विचारतात काय चुकलं. टीबीचे तीन महिने, ते चुकलं. पँटोप्राझोल, ते कोणीही आधी विचारायला हवं होतं, मी सुद्धा. पहिल्या वेळी नुसती ईजीएफआरची सिंगल टेस्ट केली, आरबी१-टीपी५३ बघितलंच नाही. पण बघून ट्रीटमेंट बदलली असती का, तर नाही, तसं करायला ठोस आधार अजून नाही. फार तर लक्ष जास्त ठेवलं असतं, सोडियम दर महिन्याला केलं असतं.

हे मात्र मला राहवेना. मॅडमशी बोलले, दादाने कन्सेंटवर सही केली, आणि सप्टेंबरमध्ये सरांच्या परवानगीने पहिल्या ब्लॉकमधून दोन काप काढून त्यावर आरबी१ चा स्टेन लावला. जिथे हे प्रथिन आहे तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, जिथे नाही तिथे निळंच राहतं. शेवईचा तो तुकडा जवळजवळ पूर्ण तपकिरी. सर म्हणाले तुकडा लहान आहे, फार अर्थ काढू नकोस. मी त्यांना स्लाइडचं डावं टोक दाखवलं. तिथे एक निळा पुंजका होता, मी मोजला, चाळीसेक पेशी असतील. ब्लॉकच्या कडेला नंबर मार्च २०२२ चा.